इद्रिस हसन लतीफ

एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ (जन्म : हैदराबाद, ९ जून १९२३, मृत्यू : हैदराबाद, ३० एप्रिल २०१८) हे भारतीय हवाई दलातील लढाऊ वैमानिक, हवाई दलाचे प्रमुख (१९७८–१९८१), महाराष्ट्राचे राज्यपाल (१९८२–१९८५) आणि फ्रान्समधील भारताचे राजदूत (१९८५–१९८८) होते. हवाई दलाचे प्रमुखपद भूषविणारे ते पहिले आणि आजवरचे एकमेव मुस्लिम अधिकारी होत. परम विशिष्ट सेवा पदकाने त्यांचा गौरव करण्यात आला होता.

एवढ्या पदांची यादी दिली की चरित्र पूर्ण झाले, असा समज होऊ शकतो. परंतु लतीफ यांच्या आयुष्याला खरी दिशा मिळाली ती वयाच्या चोविसाव्या वर्षी, कोणतेही मोठे पद हाती नसताना घेतलेल्या एका निर्णयामुळे. १९४७ साली देशाबरोबरच सैन्याचीही वाटणी झाली. आपले घर कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा प्रत्येक मुस्लिम अधिकाऱ्याला कागदावर लिहून द्यावे लागले. लतीफ यांनी दिलेले उत्तर, त्या वेळी त्यांच्या जन्मगावाची असलेली स्थिती आणि पुढे त्यांनी उभा केलेला संसार यांचा एकत्र विचार केल्याशिवाय त्यांची कारकीर्द नीट उलगडत नाही.

घराणे आणि बालपण

लतीफ यांचा जन्म सुलेमानी बोहरा समाजातील एका सुशिक्षित कुटुंबात झाला. संख्येने अत्यंत लहान असलेल्या या समाजाने देशाला मोठी माणसे दिली आहेत. राष्ट्रीय सभेचे तिसरे अध्यक्ष बद्रुद्दिन तय्यबजी, पक्षितज्ज्ञ सालिम अली आणि निजामाच्या राज्याचे मुत्सद्दी सर अकबर हैदरी ही सारी याच समाजातील नावे. शिक्षणावर भर आणि सार्वजनिक कामाची आवड हे या समाजातील घरांचे वैशिष्ट्य होते. इद्रिस यांचे शिक्षण हैदराबादच्या निजाम महाविद्यालयात झाले.

त्या काळचे हैदराबाद म्हणजे केवळ एक शहर नव्हते. तेलंगणाचे जिल्हे, कन्नड मुलूख आणि मराठवाड्याचे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे मिळून निजामाचे राज्य बनले होते. पैठण तालुक्यातील पाचोडसारख्या मराठी गावाचा सारा हैदराबादच्या खजिन्यात जमा होई. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. म्हणजे ज्या शहरात लतीफ वाढले, ती मराठवाड्यातील लोकांचीही राजधानी होती, मग ती त्यांना आपली वाटो अथवा न वाटो.

विमानांचे आकर्षण या राज्याला नवे नव्हते. पहिल्या महायुद्धात निजामाने दिलेल्या पैशातून ब्रिटिश हवाई दलाची एक संपूर्ण स्क्वाड्रन सुसज्ज झाली आणि तिच्या नावाला हैदराबादचे नाव जोडले गेले. दुसऱ्या महायुद्धात आणखी दोन स्क्वाड्रनांना हे नाव मिळाले. राज्याच्या पैशाने विमाने उडत होती. ती चालविणारे मात्र हैदराबादचे नव्हते. लतीफ यांच्या पिढीत ही स्थिती पालटली.

वैमानिक

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. पुढील सात वर्षे ते जेमतेम एका स्क्वाड्रनपुरते होते. महायुद्ध सुरू होताच तरुणांची भरती वाढली. लतीफ अठराव्या वर्षी हवाई दलात दाखल झाले आणि अंबाला येथे प्रशिक्षण घेऊन १९४२ च्या आरंभी अधिकारी झाले.

त्यांची पहिली नेमणूक कराचीतील किनारा संरक्षण तुकडीत झाली. अरबी समुद्रावर गस्त घालायची आणि शत्रूच्या पाणबुड्यांचा माग काढायचा, हे या तुकडीचे काम. त्यासाठी मिळालेली विमाने मात्र वापिती, हार्ट आणि ऑडॅक्स अशी जुन्या घडणीची होती. दुहेरी पंखांच्या या विमानांत वैमानिकाची बसायची जागा उघडी असे. वारा तोंडावर घेत, खाली पसरलेल्या पाण्याकडे तासन्‌तास डोळे लावून उडावे लागे. इंजिन बंद पडले तर खाली उतरायला जमीन नसे. युद्धकथांत अशा गस्तीला फारसे स्थान मिळत नाही. तरीही वैमानिकाच्या अंगी संयम बाणवणारे याहून कडक प्रशिक्षण क्वचितच असेल.

१९४३–४४ मध्ये निवडक भारतीय वैमानिकांना ब्रिटनला पाठविण्यात आले. त्यांत लतीफ होते. तेथे त्यांनी हरिकेन आणि स्पिटफायर या त्या काळच्या अव्वल लढाऊ विमानांवर हात बसविला. उघड्या ऑडॅक्सवरून थेट स्पिटफायरवर जाणे म्हणजे बैलगाडीतून उतरून आगगाडीचे इंजिन हाती घेण्यासारखे होते. परतल्यावर त्यांना ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सात क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये धाडण्यात आले. तिचे नेतृत्व प्रतापचंद्र लाल यांच्याकडे होते. हेच लाल पुढे १९७१ च्या युद्धात हवाई दलाचे प्रमुख होते आणि तेव्हा लतीफ त्यांच्या मुख्यालयातील वरिष्ठ अधिकारी होते.

ब्रह्मदेशातील लढाई पावसाची, चिखलाची आणि दाट जंगलाची होती. जपानी सैन्य इंफाळ व कोहिमापर्यंत येऊन थडकले होते. जमिनीवरील सैनिकांना वरून मदत करणे हे भारतीय स्क्वाड्रनांचे मुख्य काम होते. या मोहिमेतील कामगिरीमुळेच भारतीय वैमानिक ब्रिटिशांच्या बरोबरीने लढू शकतात, ही गोष्ट निर्विवाद झाली.

१९४७

सैन्याच्या वाटणीचा नियम असा होता : पाकिस्तानच्या हद्दीत घर असलेल्या मुस्लिम अधिकाऱ्याला भारताचे सैन्य निवडता येणार नव्हते. भारतात घर असलेल्या बिगरमुस्लिम अधिकाऱ्यालाही पाकिस्तानचे सैन्य निवडता येणार नव्हते. बाकीच्यांना निवडीची मुभा होती. मुस्लिम असून भारतात घर असलेल्या अधिकाऱ्यासमोर दोन्ही दारे उघडी होती आणि नेमकी हीच सर्वांत अवघड जागा होती. नवे राष्ट्र, नवे दल, थोडे अधिकारी आणि म्हणून झपाट्याने मिळणारी बढती, हे सारे पलीकडच्या बाजूला होते. पेशावर, कोहाट, रिसालपूर, कराची ही हवाई दलाची जुनी ठाणीही तिकडेच गेली.

असगर खान आणि नूर खान हे दोघे लतीफ यांचे हवाई दलातील सहकारी. दोघांनी पाकिस्तानची निवड केली आणि दोघांनीही लतीफ यांना आपल्याबरोबर येण्याचा आग्रह केला. लतीफ यांनी नकार दिला. धर्म आणि देश या दोन गोष्टी एक नाहीत, ही त्यांची भूमिका होती. ती त्यांनी मित्रांना स्पष्टपणे सांगितली. पुढे असगर खान १९५७ पासून १९६५ पर्यंत आणि त्यांच्यानंतर नूर खान १९६९ पर्यंत पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. लतीफ यांना भारतात तेच पद मिळायला १९७८ साल उजाडावे लागले. बढतीचा हिशेब करणाऱ्याला हा व्यवहार तोट्याचाच वाटला असता.

या निर्णयाची एक बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. लतीफ यांनी भारत निवडला तेव्हा त्यांचे स्वतःचे गाव भारतात नव्हते. निजामाने जून १९४७ मध्येच आपले राज्य स्वतंत्र राहील असे जाहीर केले होते. नोव्हेंबरमध्ये भारताशी झालेला जैसे थे करार हा केवळ मुदत मागून घेण्याचा प्रकार होता. मुंबईच्या किंवा लखनौच्या मुस्लिम अधिकाऱ्याने भारत निवडला, तर तो आपल्या घरात राहत होता. हैदराबादच्या अधिकाऱ्याने भारत निवडला, तर तो आपल्या राज्यकर्त्याच्या इच्छेविरुद्ध, घराबाहेर उभा राहून घर निवडत होता. लतीफ यांच्या निर्णयाचे वजन मोजताना ही गोष्ट विसरता येत नाही.

पुढचे वर्ष हैदराबाद राज्याला फार जड गेले. रझाकारांच्या अत्याचारांनी मराठवाड्यातील गावे हादरली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिलढ्यात अनेकांनी प्राण गमावले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य निजामाच्या हद्दीत शिरले. औरंगाबाद आणि जालना पहिल्या काही दिवसांतच हाती आले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. हाच दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. मुक्तीचा आनंद खरा होता. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातील अनेक निरपराध मुस्लिम कुटुंबे सूडाला बळी पडली, हेही तितकेच खरे. त्याची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली होती. भारतीय हवाई दलाच्या गणवेशात असलेल्या हैदराबादी मुस्लिम तरुणाला या दोन्ही बातम्या एकदमच ऐकाव्या लागल्या असणार. त्याने गणवेश उतरविला नाही.

२६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला. त्या दिवशी दिल्लीच्या आकाशात हवाई दलाच्या विमानांनी संचलन केले. त्या पहिल्या संचलनाचे नेतृत्व करणारे स्क्वाड्रन लीडर होते इद्रिस लतीफ. अडीच वर्षांपूर्वी घेतलेल्या निर्णयाला यापेक्षा उघड पोच मिळणे कठीण होते.

संसार

लतीफ यांचा विवाह बिल्कीस यांच्याशी झाला. बिल्कीस या सर अकबर हैदरी यांची नात. अकबर हैदरी १९३७ ते १९४१ या काळात निजामाच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे राज्याचे दिवाण होते. औरंगाबाद परिसरातील वाचकांना त्यांची ओळख दुसऱ्या एका कारणानेही असायला हवी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे पोपडे निघू लागले होते, तेव्हा १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ आणवून त्यांच्या जतनाचे काम हैदराबाद सरकारने केले. राज्याच्या पुरातत्त्व खात्यामागे आणि उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेमागे हैदरींचा मोठा हात होता. याच घराण्यातील मोहम्मद सालेह अकबर हैदरी हे स्वातंत्र्याच्या वेळी आसामचे राज्यपाल होते. अर्थात भारत निवडणारे लतीफ हे या नातेगोत्यात एकटे नव्हते.

बिल्कीस यांची आई ॲलिस इफ्रिग या फ्रेंच. हैदरींच्या मुलाशी विवाह करून त्या हैदराबादला आल्या आणि येथेच रमल्या. आईची ही कहाणी बिल्कीस यांनी पुढे इंग्रजीत पुस्तकरूपाने लिहिली. आंध्र आणि हैदराबादच्या खाद्यपरंपरेवरही त्यांचे पुस्तक आहे. फ्रेंच आजोळ, बोहरा आजोबा, हैदराबादी स्वयंपाकघर आणि हवाई दलाच्या वसाहतीतले बिऱ्हाड अशा अनेक धाग्यांनी या घराची वीण घातलेली होती.

हवाई दलातील अधिकाऱ्याचा संसार म्हणजे ट्रंकांवरचा संसार. दोन-तीन वर्षे झाली की बदलीचा हुकूम येतो, मुलांच्या शाळा बदलतात, ओळखीचे शेजार मागे पडतात. वैमानिकाच्या घरात आणखी एक गोष्ट कायम वस्तीला असते : परतीच्या विमानाच्या आवाजाची वाट पाहणे. बिल्कीस यांनी हा संसार अनेक वर्षे ओढला. त्यांना तीन मुले झाली. सेवेतील शेवटच्या टप्प्यात, पती दलप्रमुख असताना, जवानांच्या व अधिकाऱ्यांच्या कुटुंबांसाठी चालणाऱ्या कल्याणकार्याची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. लतीफ यांच्या चरित्रात पत्नीचे नाव जागोजाग येते ते केवळ शिष्टाचार म्हणून नव्हे. वॉशिंग्टन, दिल्ली, मुंबई, पॅरिस या साऱ्या मुक्कामांत दोघांचे काम जोडीने चाललेले दिसते.

वॉशिंग्टन, लोहगाव आणि १९७१

१९६१ ते १९६५ या काळात लतीफ अमेरिकेतील भारतीय दूतावासात हवाई सल्लागार होते. वरवर शांत वाटणाऱ्या या नेमणुकीच्या काळात भारताच्या वाट्याला गोवा मुक्ती, चीनकडून झालेला पराभव आणि पंडित नेहरूंचे निधन असे प्रसंग आले. १९६२ च्या शरद ऋतूत चिनी सैन्य पुढे सरकू लागले, तेव्हा भारताने अमेरिकेकडे लष्करी मदत मागितली. अमेरिकेने मालवाहू विमाने पाठविली. लढाऊ विमानांच्या बाबतीत मात्र तिने हात आखडता घेतला. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण मे १९६४ मध्ये याच वाटाघाटींसाठी अमेरिकेत गेले होते. नेहरूंच्या निधनाची वार्ता त्यांना तेथेच कळली आणि दौरा अर्धवट टाकून ते परतले. अमेरिकेने नाकारलेली आधुनिक लढाऊ विमाने भारताने अखेर सोव्हिएत संघाकडून मिग-२१ च्या रूपाने मिळविली. विमान विकत घेणे म्हणजे नुसते यंत्र घेणे नव्हे. त्याबरोबर सुटे भाग, दारूगोळा आणि विकणाऱ्या देशाची मर्जीही घ्यावी लागते, हा धडा लतीफ यांना वॉशिंग्टनमध्ये जवळून पाहता आला. पुढे खरेदीचे अधिकार हाती आल्यावर त्यांनी अनेक पुरवठादार सांभाळण्याचे जे धोरण ठेवले, त्याची मुळे येथे असावीत.

परतल्यावर त्यांनी पुण्याजवळील लोहगाव या मोठ्या हवाई ठाण्याचे नेतृत्व केले. महाराष्ट्राशी त्यांचा सेवेतील निकटचा संबंध आला तो येथे. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी हवाई दलाची सूत्रे नूर खान यांच्या हाती होती, कारण त्याच वर्षीच्या जुलैत असगर खान निवृत्त झाले होते. अठरा वर्षांपूर्वी एकाच भोजनगृहात जेवलेली माणसे आता सीमेच्या दोन्ही बाजूंना उभी होती.

१९७१ च्या युद्धात लतीफ मुख्यालयात योजना विभागाचे प्रमुख होते. दलाला कोणती विमाने, किती आणि केव्हा लागतील याचा आराखडा तयार करणे हे त्यांचे काम. युद्धकाळात ते दिल्लीतील टेबलाशी बसून राहिले नाहीत. आघाडीवरील तळांना त्यांनी भेटी दिल्या. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, तेव्हा ते पूर्व विभागाच्या मुख्यालयात, शिलाँग येथे होते. त्यानंतरची सहा-सात वर्षे त्यांनी कमांड आणि मुख्यालयातील वरिष्ठ पदांवर काढली.

हवाई दलाचे प्रमुख

१ सप्टेंबर १९७८ रोजी लतीफ यांनी हवाई दलाची सूत्रे स्वीकारली. त्यांच्या आधीचे प्रमुख एअर चीफ मार्शल हृषीकेश मुळगावकर हे महाराष्ट्रीय होते आणि काश्मीरच्या पहिल्या युद्धातील महावीरचक्राचे मानकरी होते. लतीफ यांच्या नियुक्तीच्या वेळी केंद्रात मोरारजी देसाई यांचे जनता सरकार होते. पुढे चरणसिंग आणि इंदिरा गांधी पंतप्रधान झाले. तीन वर्षांत तीन पंतप्रधान पाहणाऱ्या दलप्रमुखाला राजकारणापासून अंतर राखून काम करावे लागले आणि ते त्यांनी राखले.

त्या वेळी दलापुढे मोठी अडचण होती. कॅनबेरा आणि हंटर ही विमाने म्हातारी झाली होती. शत्रूच्या प्रदेशात खोलवर, जमिनीलगत उडत जाऊन मारा करू शकणारे विमान हवे, ही मागणी साठच्या दशकापासून फायलींतून फिरत होती. जॅग्वार, मिराज आणि स्वीडनचे व्हिगन यांत स्पर्धा होती. १९७८ मध्ये जॅग्वारच्या बाजूने निर्णय झाला. ४० विमाने तयार घ्यायची आणि पुढची बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधायची असे ठरले. पहिली जॅग्वार विमाने जुलै १९७९ मध्ये अंबाल्यात उतरली. सदतीस वर्षांपूर्वी याच ठिकाणी लतीफ उडायला शिकले होते. भारतीय हवाई दलाने या विमानाला शमशेर हे नाव दिले.

जॅग्वार पाश्चात्त्य, तर मिग-२३ आणि मिग-२५ सोव्हिएत. ही दोन्ही विमाने दलात आणण्याचे कामही त्यांच्याच कारकिर्दीत झाले. मिग-२५ हे टेहळणीचे विमान असून ते वीस किलोमीटरहून अधिक उंचीवर, ध्वनीच्या अडीचपटीपेक्षा जास्त वेगाने जाऊ शके. तेथून खाली पाहिले तर आकाश काळपट दिसते आणि पृथ्वीची वक्रता जाणवते. ऑगस्ट १९८१ मध्ये, निवृत्तीला अवघे काही दिवस उरले असताना, अठ्ठावन्न वर्षांच्या लतीफ यांनी या विमानातून उड्डाण केले. कराचीच्या किनाऱ्यावर उघड्या विमानात सुरू झालेली त्यांची सेवा हवेच्या वरच्या थरापर्यंत पोहोचून संपली. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ते निवृत्त झाले आणि दिलबागसिंग यांनी पदभार घेतला.

त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना मुस्लिम दलप्रमुख या शब्दप्रयोगावरच लेखणी अडखळते. तो वस्तुस्थिती सांगतो, पण त्यातून लतीफ यांच्या कामाचा अंदाज येत नाही. जॅग्वारचा निर्णय ज्या फायलीवर झाला तिला धर्म नव्हता. त्यांच्यानंतर मात्र या पदावर दुसरा मुस्लिम अधिकारी आलेला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

महाराष्ट्राचे राज्यपाल

६ मार्च १९८२ रोजी लतीफ महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. योगायोग असा की त्यांच्या आधीचे राज्यपाल ओमप्रकाश मेहरा हेही हवाई दलाचे माजी प्रमुखच होते. मलबार हिलवरील राजभवनात एकापाठोपाठ दोन वैमानिक राहून गेले.

राज्याचा तो काळ अस्वस्थ होता. बॅरिस्टर अंतुले यांना पायउतार व्हावे लागले होते आणि बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले होते. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला होता. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार त्यात होते आणि तो संप कधी संपला हे आजही कोणाला नेमके सांगता येत नाही. ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनीच बंड केले आणि सैन्य बोलवावे लागले. त्याच महिन्यात लातूर आणि गडचिरोली हे नवे जिल्हे अस्तित्वात आले. फेब्रुवारी १९८३ मध्ये वसंतदादा पाटील पुन्हा मुख्यमंत्री झाले. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली.

राज्यपाल या नात्याने लतीफ विद्यापीठांचे कुलपती होते. त्यांत औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठही आले. या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला होता. मराठवाड्यात त्यावरून दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि ठराव अंमलात आला नाही. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ हा दिवस यावा लागला. लतीफ यांच्या कारकिर्दीत हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. घटनेने राज्यपालाला दिलेल्या मर्यादा लक्षात घेतल्या तरी निजामाच्या राज्यात वाढलेल्या माणसाच्या कुलपतिपदाच्या काळात मराठवाड्याची ही जखम उघडीच राहिली, ही नोंद टाळता येत नाही.

मे १९८४ मध्ये भिवंडीत दंगल उसळली आणि ती ठाणे व मुंबईत पसरली. अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली. शांतता प्रस्थापित करण्यासाठी सैन्य आणावे लागले. १९४८ मध्ये आपल्या प्रदेशात जे घडले ते पाहिलेल्या माणसाला राजभवनात बसून हे पाहावे लागले.

या काळात राजभवनाच्या बाहेर अधिक दिसले ते बिल्कीस यांचे काम. धारावी तेव्हा आशियातील सर्वांत मोठ्या झोपडपट्ट्यांपैकी एक म्हणून ओळखली जात होती. स्त्रियांचे आरोग्य, मुलांचे शिक्षण आणि वस्तीची स्वच्छता यांसाठी तेथे काम करणारी ‘शेड’ ही संस्था त्यांनी उभी केली. राज्यपालांच्या पत्नीने फीत कापून परतायचे, हा रिवाज त्यांनी पाळला नाही. पतीचा कार्यकाळ संपल्यानंतरही त्यांचे धारावीशी असलेले नाते तुटले नाही. गणवेश आणि पद ही दोन्ही पतीची होती. वस्तीतील हे काम मात्र पत्नीचे स्वतःचे होते आणि लतीफ यांनी ते तसेच राहू दिले.

पॅरिस आणि अखेरची वर्षे

एप्रिल १९८५ मध्ये राज्यपालपद सोडल्यावर लतीफ यांची फ्रान्समध्ये राजदूत म्हणून नियुक्ती झाली. फ्रान्सकडून घेतलेली मिराज-२००० विमाने त्याच वर्षी भारतात पोहोचू लागली होती. जूनमध्ये पॅरिसला भारत महोत्सवाचा आरंभ झाला. विमानखरेदी समजणारा वैमानिक आणि अर्धे आजोळ फ्रेंच असलेली त्याची पत्नी, अशी जोडी त्या वेळी त्या दूतावासाला लाभली. बिल्कीस यांच्यासाठी तर हा आईच्या माहेरचा मुक्काम होता.

१९८८ मध्ये दोघे हैदराबादला परतले. मुंबई किंवा दिल्लीत स्थायिक होण्याची सोय असताना त्यांनी जन्मगावच निवडले. निजामाचे हैदराबाद कधीच संपले होते. राज्याची शकले होऊन मराठी भाग महाराष्ट्रात, कन्नड भाग कर्नाटकात आणि तेलुगू भाग आंध्र प्रदेशात गेला होता. पुढे २०१४ मध्ये तेलंगणही वेगळे झाले. लतीफ यांच्या हयातीत त्यांच्या गावाचे राज्य तीनदा बदलले. पत्ता मात्र हैदराबादच राहिला.

बिल्कीस यांना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हवाई दलाचे मार्शल अर्जनसिंग गेले. जानेवारी २०१८ मध्ये पाकिस्तानात असगर खान यांचे निधन झाले. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच, ३० एप्रिल २०१८ रोजी, इद्रिस लतीफ यांनी हैदराबादेत शेवटचा श्वास घेतला. त्या वेळी ते चौऱ्याण्णव वर्षांचे होते.